हिऱ्याच्या पोटातलं वजन

१८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात कोहिनूर मांडला, तेव्हा तो पाहायला लोकांची रीघ लागली आणि पाहून झाल्यावर बरेचजण हिरमुसून परतले. एवढा नावाजलेला हिरा, पण तेज म्हणून दिसेना. गॅसचे दिवे लावून झाले, आरसे लावून झाले, तरी तो काही खुलला नाही. पुढच्या वर्षी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी ॲमस्टरडॅमच्या कोस्टर पेढीचे कारागीर लंडनला बोलावले आणि त्याला नव्याने पैलू पाडायला लावले. सुरुवात ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या हस्ते झाली. मान त्यांचा, घासणं कारागिरांचं. काम संपलं तेव्हा सुमारे १८६ कॅरेटचा कोहिनूर १०५.६ कॅरेटवर आला होता. ४० टक्क्यांहून जास्त हिरा भुकटी होऊन गेला, आणि इतकं वजन घटलेलं पाहून खुद्द अल्बर्टच नाराज झाले असं सांगतात.

त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं मुघल दरबारात अशीच गोष्ट घडली होती. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १६६५ साली औरंगजेबाचा खजिना पाहून आला. त्यात ‘ग्रेट मोगल’ नावाने पुढे प्रसिद्ध झालेला प्रचंड हिरा होता. हॉर्तेन्सिओ बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने तो घासताना त्याचं वजन इतकं घालवलं, की मजुरी राहिली बाजूला, उलट त्यालाच दहा हजार रुपयांचा दंड झाला. त्याच्यापाशी आणखी असते तर तेही वसूल केले असते, असं टॅव्हर्निये लिहितो.

मला बोर्जिओची फार दया येते. तो कारागीर म्हणून कसा होता कोण जाणे, टॅव्हर्नियेचं मत तरी चांगलं नव्हतं. पण वजन घालवलं म्हणून शिक्षा आणि वजन राखलं म्हणून शाबासकी हा नियम त्याच्यानंतरही काही बदलला नाही. दंडाची पावती कुणी फाडत नाही, इतकंच. हिरा घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती कॅरेटचा?’ आणि त्याच क्षणी पैलू पाडणाऱ्याला काय करायचं ते कळतं.

रंग, शुद्धता, वजन आणि कट या चार गोष्टींवर हिऱ्याचं मोल ठरतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. यातल्या कटकडे लोक सगळ्यांत कमी बघतात, कारण कट म्हणजे गोल, चौकोनी की बदामी एवढंच त्यांना वाटतं. तो झाला आकार. कट म्हणजे पैलू कुठल्या कोनात बसवलेत, एकमेकांशी कसे जुळलेत आणि वरून आत शिरलेला उजेड परत डोळ्यांपर्यंत येतो की नाही. हिऱ्याकडे आपण ज्यासाठी बघतो ती चमक बहुतांशी इथे ठरते.

शाळेतलं थोडं प्रकाशाचं गणित इथे उकरून काढावं लागेल. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणजे उजेड त्यात शिरताना चांगलाच वाकतो. आणि एकदा आत शिरला की बाहेर पडणं अवघड. पैलूच्या लंबाशी २४.४ अंशांहून जास्त कोन करून आदळलेला किरण बाहेर पडूच शकत नाही, आतल्या आत परावर्तित होतो. साध्या काचेसाठी हाच कोन ४२ अंशांच्या आसपास आहे, म्हणून तसेच पैलू पाडलेली काच कितीही पुसली तरी हिऱ्यासारखी उजळत नाही. गोल ब्रिलियंट हिऱ्यात वरच्या सपाट पैलूला टेबल म्हणतात, त्याच्याभोवतीच्या उतरत्या भागाला क्राउन, मधल्या कडेला गर्डल, आणि खालच्या निमुळत्या पोटाला पॅव्हिलियन. टेबलातून सरळ खाली आलेला किरण पोटाच्या एका भिंतीवर आदळतो, तिथून समोरच्या भिंतीवर, आणि तिथून वर क्राउनमधून बाहेर. हे दोन टप्पे नीट पडले की हिरा जिवंत दिसतो. क्राउनच्या उतारातून बाहेर पडताना उजेडाचे रंग सुटे होतात, त्या रंगीत ठिणग्यांना ‘फायर’ म्हणतात.

पोटाचा उतार चुकला की काय होतं ते मला फार मजेशीर वाटतं. उतार ४५ अंशांच्या जवळ गेला की समोरासमोरच्या भिंती एकमेकींशी काटकोन करतात. काटकोनात ठेवलेले दोन आरसे त्यांच्या पातळीत आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. आणि हिऱ्याकडे वाकून बघणाऱ्याच्या बाबतीत ‘आल्या वाटेवर’ काय असतं? त्याचंच डोकं. म्हणून खोल पोटाच्या हिऱ्यात मधोमध काळा ठिपका दिसतो. या व्यवसायात त्याला ‘नेलहेड’ म्हणतात. उलट पोट फार उथळ असेल तर टेबलातून बघताना गर्डलचं प्रतिबिंब राखट कड्यासारखं दिसतं, माशाच्या निर्जीव डोळ्यासारखं. त्याचं नाव ‘फिशआय’. या दोन्ही खोडी भिंगाशिवाय, साध्या डोळ्यांनी दिसतात. पण आपण बघत असतो प्रमाणपत्रावरचा रंगाचा इंग्रजी अक्षराचा दर्जा.

१९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की या विशीतल्या तरुणाने हे सगळं कागदावर मांडलं. अँटवर्पच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा लंडनमध्ये अभियांत्रिकी शिकत होता. चमक आणि रंगीत ठिणग्या यांचा मेळ साधायचा तर पोटाचा उतार ४०.७५ अंश, क्राउनचा ३४.५ अंश आणि टेबल व्यासाच्या ५३ टक्के, असा त्याचा हिशेब निघाला. त्याच्या आधी, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत बॉस्टनचा हेन्री मोर्स वजनापेक्षा सौंदर्य बघून हिरे घडवत होताच. टोल्कोव्स्कीने त्याला गणिताचा आधार दिला. गंमत म्हणजे त्याच्या हिशेबात गर्डलची जाडी नव्हती आणि त्याने एका सपाट छेदातूनच किरण नेले होते, तरी त्याचे आकडे आज १०० वर्षांनंतरही चांगल्या हिऱ्यांच्या शेजारीच सापडतात. फक्त ते आकडे देवाचा शब्द मानायचं कारण नाही. जीआयए या हिऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन संस्थेने संगणकावर आभासी हिरे तयार करून पाहिले आणि ‘हेच एक सर्वोत्तम प्रमाण’ असं काही नसतं, वेगवेगळ्या जोड्याही छान चालतात, हा निष्कर्ष काढला. मग माणसांना प्रत्यक्ष हिरे दाखवले. सुमारे २,३०० हिरे, ७० हजारांहून अधिक निरीक्षणं. त्यावरून २००६ पासून गोल ब्रिलियंटला कटचा दर्जा देणं सुरू झालं: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर.

एवढं सगळं माहीत असताना वाईट कापलेले हिरे येतात कुठून? कारागिराला येत नाही म्हणून? मुळीच नाही. कारागिराला सगळं येतं, हिशेबही येतो. कच्च्या दगडातून गोल हिरा काढताना साधारण निम्मं वजन, कधी त्याहूनही जास्त, तबकडीवर घासून जातं. त्यात बाजारभावाला पायऱ्या आहेत. ०.९८ कॅरेटला प्रतिकॅरेट जो भाव, त्याहून १.०० कॅरेटचा भाव एकदम वरचा. मग ०.९४ चा सुंदर हिरा बनू शकेल असा दगड हातात आला, की त्याचं पोट थोडं खोल ठेवलं, गर्डल जरा जाड ठेवला, की तो १.०१ वर बसतो. हे वाढलेलं वजन कुठे असतं? पोटात आणि कमरेला. वरून दिसतच नाही. उलट तिथे बसून ते उजेडाची वाट बिघडवतं. दाम मात्र त्या प्रत्येक सेंटचं, म्हणजे कॅरेटच्या शंभराव्या भागाचं, मोजलेलं असतं.

भाचीला अंगठीसाठी हिरा घ्यायचा होता तेव्हा हे मला अगदी समोरासमोर बघायला मिळालं. दुकानदाराने दोन गोल हिरे काळ्या मखमलीच्या ट्रेवर ठेवले. एक १.०१ कॅरेट, दुसरा ०.९३. पहिल्याबद्दल तो भरभरून बोलत होता, दुसरा नुसता सोबतीला आणल्यासारखा. वरच्या झोतदिव्यांखाली दोन्ही अशा ठिणग्या उडवत होते की निवडायला काही जागाच नव्हती. मी म्हटलं, जरा खिडकीपाशी नेऊ या का? त्याने हसत नेले. मनातून खूश नसावा, पण माणूस सभ्य होता.

खिडकीपाशी ऊन नव्हतं, नुसता ढगाळ, पांढरा उजेड होता. चिमट्यात आधी एक धरला, मग दुसरा. भाचीने डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, “मामा, यातला मोठा कुठला म्हणाले ते? मला तर दोन्ही एवढेच दिसतायत.” मी प्रमाणपत्रं पुढे केली. १.०१ चा व्यास ६.२९ ते ६.३३ मिलिमीटर, खोली व्यासाच्या ६५.१ टक्के. ०.९३ चा व्यास ६.२८ ते ६.३१, खोली ६१.२ टक्के. म्हणजे वरून दोघं जुळे. फरकाचे ०.०८ कॅरेट पहिल्याच्या पोटात उतरले होते. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरायला हवा; हा ६.३ वर अडला तेव्हाच काय ते कळायला हवं.

“पण हा मधे काळवंडल्यासारखा का वाटतोय?” तिने पुढे विचारलं. १.०१ चा मध्य मंद होता आणि टेबलाच्या कडेखाली एक राखट पट्टा गोल फिरला होता. हिरा डावीकडे-उजवीकडे झुलवला तरी तो पट्टा जागचा हलला नाही. ०.९३ मध्येही काळं होतं, पण वेगळं: मधून बाहेर पसरणारे आठ रेखीव बाण. ती तोंड जवळ नेई तेव्हा बाण काळेभोर होत, मागे सरली की तेच बाण पांढरे लखलखत. कुठला दोष आहे का म्हणून ती जरा घाबरलीच. म्हटलं, अगं, ते बाण म्हणजे तुझ्या डोक्याची सावली आहे, आणि हिऱ्यात काळं-पांढरं पाहिजेच; नुसता पांढरा हिरा बर्फाच्या तुकड्यासारखा बथ्थड दिसतो. फक्त हिरा हलला की काळ्या जागी पांढरं आणि पांढऱ्या जागी काळं आलं पाहिजे. जिथलं काळं हलतच नाही, तिथे उजेडाची वाट बिघडली आहे.

आता प्रमाणपत्राबद्दल. ते हवंच, पण ते वाचायची एक रीत आहे. त्यावर क्राउनचा आणि पॅव्हिलियनचा जो कोन छापलेला असतो तो आठ पैलूंची सरासरी असते. क्राउनचा कोन अर्ध्या अंशाला, पोटाचा ०.२ अंशाला जुळवून घेतलेला. एक बाजू ४०.४ आणि समोरची ४१.२ असली तरी कागदावर ४०.८ च दिसेल आणि वाचणारा सुखावेल. शिवाय ‘एक्सलंट’ हा दर्जा बराच ऐसपैस आहे. क्राउन साधारण ३१.५ ते ३६.५, पोट ४०.६ ते ४१.८, टेबल ५२ ते ६२ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात तो मिळू शकतो. दोन्ही आकडे आपापल्या पट्ट्यात असणं पुरत नाही, त्यांची जोडी जमावी लागते. पोट जरा जास्त उतरतं असेल तर क्राउन थोडा बसका चालतो, पोट उथळ असेल तर क्राउन उंच. क्राउनही उंच आणि पोटही खोल अशी जोडी मात्र सर्वांत वाईट. वजन राखायला तीच सोयीची असल्यामुळे ती बाजारात भरपूर भेटते, कधीकधी एक्सलंटचा शिक्का घेऊनसुद्धा.

मी स्वतः गोल हिऱ्यासाठी क्राउन ३४ ते ३५, पोट ४०.६ ते ४१, टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२ टक्क्यांच्या आसपास, इथून बघायला सुरुवात करतो. याच्या बाहेरचा हिरा वाईट असतो असं नाही. पण समोर शंभर हिऱ्यांची यादी असेल तर चाळणी कुठेतरी लावावीच लागते. चाळणीतून खाली राहिलेल्यांतून निवड करायची ती डोळ्यांनीच, कागद तिथे काही कामाचा नाही. पॉलिश (पैलूंचा गुळगुळीतपणा) आणि सिमेट्री (त्यांची सारखी मांडणी) यांचे दर्जे हल्ली चांगल्या हिऱ्यांना चांगलेच मिळतात, त्यावर फार वेळ घालवत नाही. गर्डल तेवढा बघतो. फार जाड म्हणजे लपवलेलं वजन, फार पातळ म्हणजे कडेचा टवका उडायची भीती. हिरा सर्वांत कठीण, त्याला काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो ओरखड्याला दाद देत नाही, पण ठराविक दिशांनी तो सरळ चिरतो. कारागिरांनी शतकानुशतकं याचाच फायदा घेऊन कच्चे हिरे दुभंगले आहेत. ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घालायची परीक्षा खरोखर कुणी घेतलीच, तर हातात भुकटी येईल.

दुकानातल्या दिव्यांना कुणी खलनायक ठरवू नये. झोताच्या, टोकदार उजेडात हिरा ठिणग्या दाखवतो, पसरलेल्या उजेडात तो किती उजळ आहे ते कळतं. दोन्ही बघायचं असतं. अडचण एवढीच की झोतदिव्यांखाली सुमार हिराही फटाके उडवतो, आणि हिरा पुढची कितीतरी वर्षं ज्या उजेडात वापरला जाणार तो बहुतेक वेळा साधा, पसरट, कंटाळवाणा असतो. म्हणून आडोशाच्या उजेडात, हात लांब करून, हलवून बघावं. मग हाताच्या अंतरावरून दोन हिरे शेजारी ठेवावेत. एकटा हिरा नेहमीच सुंदर दिसतो. शेजारी दुसरा आला की बोलायला लागतो.

गोल सोडून बाकीच्या आकारांत ही परीक्षा आणखी डोळ्यांवर येते. जीआयएच्या नेहमीच्या प्रमाणपत्रात कटचा दर्जा गोल ब्रिलियंटचाच असतो. ओव्हल, पेअर, मार्कीज, एमराल्ड यांच्यासाठी पॉलिश आणि सिमेट्रीवर भागवतात. त्यात ओव्हल, पेअर, मार्कीज या लांबट आकारांना हमखास एक खोड असते: मधोमध आडवी काळी पट्टी, अगदी बो-टायच्या आकाराची. थोडी असतेच, आणि थोडी असली तर शोभतेही. पण हिरा हलवला तरी ती जागची हलेना, तर तो हिरा परत ट्रेवर. एमराल्ड कटच्या लांब पायऱ्यांसारख्या पैलूंतून तर हिऱ्याच्या आरपार दिसू शकतं. बोटावर ठेवून वरून बघावं. मधोमध बोटाचीच त्वचा दिसली, तर तिथे खिडकी पडली आहे.

उजेड कुठून येतो ते रंगांत दाखवणारी छोटी यंत्रंही मिळतात. आयडियलस्कोपमधून बघितलं की परत येणारा उजेड लाल, गळणारा पांढरा. ॲसेटमध्ये उंचावरून आलेला उजेड लाल, आडवा आलेला हिरवा, आणि बघणाऱ्याच्या डोक्याच्या जागेचा निळा. ऑनलाइन हिरा घेताना ही चित्रं विक्रेत्याकडे मागावीत. नुसत्या फिरत्या व्हिडिओवर विसंबू नये, कारण त्याची प्रकाशयोजना विक्रेत्याच्या सोयीची असते. ‘हार्ट्स अँड ॲरोज’चं मात्र मला तितकंसं कौतुक नाही. वरून आठ बाण, खालून आठ बदाम अगदी रेखीव दिसणं ही कारागिरीची कमाल आहे, नि त्यामागे पैलूंची अचूक जुळणी असते. पण साध्या डोळ्यांना तिचा फरक किती, आणि त्यासाठी जास्तीचे किती मोजायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी ते पैसे आधी नीट कोनांवर घालवीन, मग उरले तर बदामांवर.

प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. अपवर्तनांक तोच, कोन तेच. तिथे कच्चा माल स्वस्त, म्हणजे वजन राखायची हाव कमी असायला हवी. तरीही खोल पोटाचे हिरे तिथेही दिसतात. गिऱ्हाईक तिथेही आधी कॅरेटच विचारतं ना.

भाचीने ०.९३ घेतला. दुकानदाराने एकदा हळूच आठवण केली, “ताई, ‘एक कॅरेट’ म्हणायला बरं वाटतं हां.” ती म्हणाली, “म्हणायचं कुणाला? बघायचंय मला.” मी मध्ये काही बोललो नाही.

घरी आल्यावर तिला एकच काम सांगितलं. हिऱ्याला तेलकटपणाची भारी ओढ असते. खाणीत खडी पाण्याबरोबर ग्रीसच्या पाटांवरून सोडत, इतर दगड वाहून जात आणि हिरे चिकटून राहत, ते याच गुणामुळे. बोटाचं तेल, हाताचं क्रीम, साबणाचा थर हे सगळं अंगठीत हिऱ्याच्या पोटाला जाऊन बसतं. आणि पोटामागे हवेऐवजी तेल आलं, की परावर्तनाचा तो २४ अंशांचा कोन ३७-३८ वर जातो आणि चांगल्या कापलेल्या हिऱ्यातूनही उजेड गळायला लागतो. अंगठी पुसताना सगळे वरचा टेबलच पुसतात. भाचीला मऊ दात घासायचा ब्रश, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घेऊन अंगठी उलटी धरायला लावली. खालून, कोंदणाच्या जाळीतून ब्रशचे केस आत जातील असं घासायचं, आणि बेसिनचं झाकण आधी बंद करायचं.